वारं आल्याशिवाय पाटी ओतायची नाही

फेब्रुवारी लागला की इस्लामपुरात माझ्या गच्चीवर काळी राख पडायला लागते. आसपासच्या शिवारात उसाचं पाचट पेटवतात आणि त्याची लांबट, हलकी राख नेमकी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर येऊन बसते. रंगीत कपड्यांशी तिचं काय वाकडं आहे कोण जाणे. राख हातानं झटकली की डाग पसरतो, म्हणून फुंकर मारावी लागते. आणि फुंकर मारण्याआधी मी दरवेळी वारं कुठून येतंय ते बघते. शेजारच्या बाईंना वाटतं, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून ही सवय लागली. पण ही सवय शाळेतली नाही, खळ्यावरची आहे.

याच दिवसांत सासरच्या गावाहून सासूबाईंचा फोन येतो. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. फोनवर हॅलो म्हणायची पद्धत त्यांना मान्य नाही. उचलला रे उचलला की थेट मुद्दा. "शाळू वाळलाय. कवा येतीस?" शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. गाव वडूजच्या पलीकडं, माळावर. मी बॅग भरते. हे चाळीस वर्षं चाललंय.

यंदा आत्याबाईंच्या फोनआधी दुसराच एक फोन आला. सांगलीतली काही सिनेमावेडी मंडळी महिन्यातून एकदा जुने चित्रपट दाखवतात. त्यांना एक चित्रपट मूळ लांबीचा, नव्यानं साफसूफ केलेला मिळाला होता. "तिवईवर उभ्या राहिलेल्या त्या बाईंच्या तुम्ही सूनबाई ना? मग तुम्हीच बोला दहा मिनिटं. इतक्या वर्षांनी हा सिनेमा अजून का टिकून आहे, यावर." मी हो म्हणून बसले. शिक्षकाला दहा मिनिटं बोला म्हटलं की तो नाही म्हणत नाही.

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या गावात त्याला नावानं कुणी ओळखतच नाही. 'आपला पिक्चर' म्हणतात. त्याला दिल्लीचं मोठं बक्षीस मिळालं, परदेशात दाखवला गेला, जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. गावाला त्यातलं काही विशेष वाटत नाही. गावात आपल्या पिक्चरबद्दल चाळीस वर्षं एकच वाद चालू आहे. त्यातलं वारं खरं, का फॅनचं?

हा वाद समजायला माझी पहिली सुगी सांगावी लागेल. माझं माहेर कृष्णाकाठचं. आमच्याकडे पाणी पाटानं यायचं आणि ऊस डोक्यावरून जायचा. तिथून मी अशा गावात आले जिथे भाजी धुतलेलं पाणी म्हशीला आणि भांडी विसळलेलं पाणी दारातल्या जास्वंदीला जायचं. लग्न झालं आणि वीस दिवसांत नवरा पलटणीत परत गेला. घरातले बाकीचे गडीही मिलिटरीत. मी आणि आत्याबाई, आणि भिंतीपलीकडं आत्याबाईंची धाकटी जाऊ, नानी. नानी आत्याबाईंना आक्का म्हणायच्या. शेत एकत्र, खळं एक, चुली दोन.

त्या सुगीचं मला काय काय आठवतं! पहाटे दवानं ओला झालेला शाळू, त्याची पानं हाताला कापायची आणि ते चरे दिवसभर चुरचुरायचे. कापलेल्या ताटांचा गोडसर वास. कणसं मोडताना आमच्या तिघींच्या बांगड्यांचा आवाज, त्यातही नानींच्या बांगड्यांचा सगळ्यात जास्त, कारण नानी कामापेक्षा हातवारे जास्त करायच्या. गळ्याशी, कानामागं कणसांची बारीक कूस लागायची आणि सगळं अंग खाजत राहायचं. दुपारी खळ्याच्या कडेला बसून भाकरी, झुणका आणि हातानं फोडलेला कांदा. दोघी जावा एका फडक्यावर जेवायच्या आणि एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवायच्या. मी नवी नवरी, हसायचं की नाही ते मला कळायचं नाही.

खळं म्हणजे शेणानं सारवलेलं गोल अंगण. त्यावर चप्पल घालून जायचं नाही, खोटं बोलायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही. तिथे रास पडते, राशीची पूजा होते, पहिला निवद देवाला जातो. आत्याबाई तसल्या सोवळ्यातल्या मुळीच नव्हत्या, पण खळ्यावर त्यांचा आवाज खाली यायचा. मळणी झाली की उफणणी. तीन पायांची उंच तिवई, तिच्यावर एकीनं उभं राहायचं, दुसरीनं खालून कामट्यांची पाटी भरून वर द्यायची. वरचीनं पाटी डोक्यावर धरून हळूहळू ओतायची. दाणे सरळ खाली, भुसकट वाऱ्यावर पलीकडं. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी हौसेनं मला वर चढवलं. मी पाटी घेतली आणि भसकन ओतली. वारं पडलेलं होतं. सगळं भुसकट सरळ स्वच्छ राशीवर! नानी पोट धरून हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. निवडलेली ती सगळी ज्वारी पुन्हा पाटीत भरताना म्हणाल्या, "वारं आल्याबिगर पाटी वतायची न्हाई, पोरी. वारं काय तुज्या म्हायेरचं पाटाचं पानी हाय व्हय, फळी काढली की सुटलं?"

याच सुगीत सिनेमावाले आले. दोन ट्रक, एक जीप, आणि सदरा-पायजम्यातला, बारीक आवाजाचा एक दिग्दर्शक. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. सिनेमा होता एका सासू-सुनेचा आणि एका सुगीचा. बाकी फार काही घडत नाही त्यात. साहेबांना आमचं खळं आवडलं. पहिल्याच दिवशी त्यांची माणसं बूट घालून खळ्यावर चढली, तशा आत्याबाई खराटा घेऊन समोर उभ्या. "पायताणं भाईर." साहेबांनी एक शब्द न बोलता स्वतःचे बूट काढले. मग सगळ्यांनी काढले. पुढचे तीन आठवडे ती सगळी शहरी माणसं आमच्या खळ्यावर आणि भोवतीच्या धसकटांत अनवाणी काम करत होती. कॅमेरावाला तर एका पायावर उड्या मारत यायचा. त्या सिनेमात कॅमेरा फार जपून, पाऊल टाकत टाकत पुढं सरकतो, त्यावर एका जाणकारानं मोठं कौतुक लिहिलंय. मला मात्र दरवेळी वाटतं, धसकटं टोचत असतील.

उफणणीचा प्रसंग शेवटी ठेवला होता. सासूचं काम करणारी नटी तिवईवर चढली, ऊन डोक्यावर, खाली बघितलं आणि चक्कर येऊन उतरली. मला तिच्यासोबत घरी पाठवलं, लिंबू-सरबत करून द्यायला. म्हणजे पुढचं जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही. ती नटी आमच्या माजघरात आडवी होऊन मला विचारत होती, "तुम्ही रोज चढता तिच्यावर?" आणि मी नुसतीच मान डोलवत होते. चढले होते एकदाच, आणि त्याची शोभा झालेली.

इकडं खळ्यावर साहेबांनी आत्याबाईंना विचारलं, लांबूनच घ्यायचंय, तुम्ही उभ्या राहाल का? आत्याबाई उभ्या राहिल्या. आधीचे तीन दिवस वारं नव्हतं, त्या दिवशीही नव्हतं. शेवटी साहेबांनी ट्रकमधून एक भलामोठा फॅन उतरवला, जनरेटर सुरू केला. त्याची घरघर सगळ्या गावानं ऐकली, मी माजघरात ऐकली. लोकांना रस्त्याच्या पलीकडं दोरी लावून थांबवलेलं होतं. त्यांना फॅन ऐकू आला, आणि लांबून आत्याबाईंचा उडणारा पदर दिसला.

नानी मात्र दोरीच्या अलीकडं होत्या, अगदी फॅनच्या जवळ. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी त्याच संध्याकाळी गल्लीत सांगितलं. "फॅन सुरू हुता. मी माज्या डोळ्यानं बगितला. साहेब वरडत हुतं, वता, वता. आन आक्कानं वतली पाटी, फॅनच्या वाऱ्यावर. कशापायी? पिक्चरपायी!"

आत्याबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "फॅन लावला व्हता, व्हय. मी न्हाई वतली. ह्ये वारं न्हवं, आवाज हाय नुसता, म्हनलं. मग त्यांनी बंद केला. मग खरं वारं आलं, तवा वतली."

"आलं म्हनं वारं! तीन दिस न्हवतं आन नेमकं तवाच आलं!" नानी म्हणाल्या. ते आत्याबाईंना उद्देशून त्यांनी बोललेलं शेवटचं वाक्य.

वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण ती रास दोन्ही घरांची होती, वर्षाचं खाणं होतं, आणि ती खळ्यावर देवासमोर पडलेली होती. कुणी कॅमेऱ्यासाठी, मिरवण्यासाठी तिचा खेळ केला असेल, तर तो नानींच्या लेखी साधा गुन्हा नव्हता. राशीचे दोन वाटे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नानींनी आपल्या वाट्याची पोती आमच्या पुढच्या सोप्यात आणून ठेवली. "तिला सांग," मला म्हणाल्या, आणि 'तिला' दोन हातांवर बसली होती, "फॅनची जवारी माज्या घरात नगं." आत्याबाईंनी त्या पोत्यांना वर्षभर हात लावला नाही. पुढच्या सुगीला ती देवळाच्या भंडाऱ्याला दिली. नानींनी ते वर्ष माहेरच्या ज्वारीवर काढलं.

त्यानंतर आमच्या घरात जी भाषा सुरू झाली ती जगात दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. बारशाला, लग्नाला, सणाला दोघी एकाच चुलीपुढं. एक पोळ्या लाटतेय, दुसरी भाजतेय, आणि मधे मी. "तिला सांग, उलाथनं दे." उलथणं दोघींच्या मधेच असायचं. "तिला सांग, घे की मग." मी आधी खरंच सांगायचे. नंतर नुसतीच उभी राहायचे, कारण मी नसले तर दोघी गप्प बसायच्या आणि पोळ्या करपायच्या.

आता माझी गोष्ट. ही मी सांगलीच्या मंडळींना फोनवर सांगितली नव्हती.

दोन-तीन वर्षांनी माझा नवरा सुट्टीवर येताना कँटीनमधून टीव्ही घेऊन आला. एका रविवारी टीव्हीवर आपला पिक्चर लागणार असं कळलं. सगळी गल्ली आमच्या सोप्यात. नानी आत आल्या नाहीत, उंबऱ्याच्या बाहेर बसून मान वाकडी करून बघत होत्या. आत्याबाई खांबाला टेकून, ठेवणीतलं लुगडं नेसून. उफणणीचा प्रसंग आला. पडद्यावर लांब तिवई, तिच्यावर आत्याबाई, पदर आडवा उडतोय. आणि लगेच दुसरं दृश्य, जवळून, नुसतं भुसकट उडताना, सोनेरी. झालं. इतकंच.

मी तेव्हा बाहेरून बी.एस्सी. पूर्ण करत होते. नवं नवं शास्त्र अंगात होतं. त्या लांबच्या दृश्यात मागं देवळाजवळचा पिंपळ दिसत होता. पिंपळाचं पान म्हणजे जराशा झुळकीनं हलणारं. मी भर सोप्यात, मोठ्यानं म्हणाले, "पदर हलतोय, पण मागचा पिंपळ हलत नाही. म्हणजे वारं तेवढ्या जागीच आहे. म्हणजे फॅनच." सगळे हसले. कुणीतरी टाळी दिली. दारातून नानींचा आवाज आला, "शिकल्याली पोर हाय ती, बगा."

आत्याबाई उठल्या. म्हशीला वैरण टाकायची वेळ झाली नव्हती, तरी वैरण टाकायला गेल्या. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि तो सिनेमाही पुन्हा कधी बघितला नाही. नंतर पोरांनी मोबाइलवर ते दृश्य काढून दाखवायचा प्रयत्न केला तर त्या म्हणायच्या, "नगं. हिनं सांगितलंय न्हवं." मला ते 'हिनं' इतकी वर्षं टोचत राहिलंय. पण मला माझा निष्कर्ष चुकीचा वाटत नव्हता. पुरावा समोर होता. फक्त तो बोलून दाखवायला नको होता, एवढंच वाटायचं.

सांगलीच्या भाषणासाठी मी विचार करायला बसले तेव्हा वहीत बरंच काही लिहिलं. त्याच सुमाराचे दुसरे किती सिनेमे आम्ही वडूजला जाऊन बघितले होते, पदर ओला होईपर्यंत रडलो होतो. ते आज लागले तर माझी लेक हसते. "आई, तो विग बघ." तिचं बरोबर असतं. मग आपल्या पिक्चरमधे ती का हसत नाही? त्यातही घरं जुनी, लुगडी जुनी, बोलणं जुनं. संथ इतका की मधे उठून चहा करून यावा. तरी सुटत नाही. मी लिहिलं: साधेपणा. मग खोडलं, कारण साधे सिनेमेही विसरले गेलेत. लिहिलं: मातीचा वास. तेही खोडलं, मातीचा वास म्हणणाऱ्या माणसानं बहुधा कूस अंगाला लावून घेतलेली नसते. जाणकार म्हणतात, तिवईवरची ती बाई म्हणजे प्रतीक्षेचं प्रतीक आहे. मला कळेना, कसली प्रतीक्षा? टीव्हीवर तर ती जेमतेम दोन क्षण दिसते. मग हे लोक कुठल्या दृश्याबद्दल लिहितायत? तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. फोनवरचा माणूस म्हणाला होता, टीव्हीवरच्यापेक्षा हा अकरा मिनिटांनी मोठा आहे. त्या अकरा मिनिटांत काय आहे? चाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. आणि म्हणे मी विज्ञान शिकवत होते.

मी गावी फोन केला. आत्याबाई आता ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याशी बोलताना त्या माझ्या खांद्याकडं बघतात, म्हणजे मग त्यांना माझा चेहरा थोडासा सापडतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय की हे उलट फिरणार नाही. मी म्हटलं, आत्याबाई, येता का सांगलीला, पिक्चर बघायला?

"मला काय दिसनार हाय त्यात?"

"मी सांगते की शेजारी बसून."

मग म्हणाल्या, "तू सांगनार व्हय." एवढंच. पण नाही म्हणाल्या नाहीत.

तासाभरात नानींच्या घरून फोन. "तिला सांग, मी बी येनार हाय. बगू द्या एकदा, काय खरं त्ये."

रविवारी सकाळी लेकीनं गावाहून गाडी काढली. विट्यावरून सांगली. पुढच्या सीटवर आत्याबाई, मागं नानी आणि मी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी शाळू, मग द्राक्षं, मग ऊस. आत्याबाई अर्धवट उघड्या काचेला डोकं लावून कडेनं बघत होत्या. दोन तासांत दोघींमधे एकच वाक्य झालं. नानी म्हणाल्या, "तिला सांग, काच वर घे, गार लागतंय." काच आपोआप वर गेली.

हॉलमधे नेहमीप्रमाणे मी मधे. एसीचा गारठा होता. दोघींनी कानावरून पदर घेतले. नानी छताकडं बघून पुटपुटल्या, "हितं बी फॅनच." तिकडून आत्याबाई समोर बघत म्हणाल्या, "ह्ये बी वारं न्हवं." मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आज जर तेच दिसलं, पदर उडालेला, पिंपळ थांबलेला, आणि पाटी ओतलेली, तर मी काय सांगणार होते? समोरचं त्यांना दिसत नाही. खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण नानी शेजारी होत्या, आणि मुख्य म्हणजे आत्याबाईंनी मला खोटं बोलताना लगेच ओळखलं असतं.

सिनेमा सुरू झाला. इतका स्वच्छ, की कणसावरचे दाणे मोजावेत. मी हळू आवाजात सांगत होते, आपलं घर आलं, ही आपली म्हैस, ही विहीर. आत्याबाई हूं म्हणत होत्या. मग खळं आलं.

लांबून, सगळं खळं. तिवईवर हिरव्या लुगड्यात आत्याबाई, पाटी डोक्यावर. मागं पिंपळ, नव्या तांबूस पानांचा. पदर आडवा ताठ उडतोय. पिंपळ गप्प. मी म्हणाले, "आत्याबाई, पदर उडतोय तुमचा."

"फॅनचा. फुडं बोल."

पुढं काही होईना. दृश्य तुटेना. टीव्हीवर जिथे तुटायचं ते केव्हाच मागं गेलं. आत्याबाई पाटी धरून उभ्या. जनरेटरची घरघर, साहेबांचं ओरडणं, ते सगळं आवाजातून काढून टाकलेलं, नुसतं कुठंतरी पाखरू. पदर उडतोय आणि बाई ओतत नाही. आणि मग तो पदर एकदम खाली आला, कुणी हातातून सोडावा तसा. फॅन बंद झाला होता. मी सांगायचं विसरूनच गेले. भरल्या सोप्यातलं माझं ते वाक्य, ती टाळी, वैरण टाकायला उठलेली बाई. पुरावा होता माझ्याकडं, पण कापलेला होता.

"काय झालं? बोल की," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या मांडीवर कुणाचा तरी हात पडला. नानी माझ्यावरून पलीकडं वाकल्या होत्या. त्यांची नजर पडद्यावर होती.

"आक्का," त्या म्हणाल्या. "फॅन बंद झालाय. पदर खाली आलाय तुजा."

आत्याबाईंनी कानावरचा पदर मागं सारला.

"तू उभीच हाईस. पाटी वरच हाय. हात लटलट करत्यात गं तुजं." नानी म्हणाल्या. "ह्ये म्या बगितलंच न्हवतं. म्या तवा पानी आनाय गेल्ते, आक्का. त्या कॅमेरावाल्याला पानी पायजे हुतं. परत आले तवा तू वतत हुतीस, आन जनरेटर घरघरतच हुता."

पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

"थांब," नानी म्हणाल्या. "आजून न्हाई. आजून न्हाई. पिंपळ हालला बग. शेंड्याला. रस्त्याची धूळ उठली. आलं. आक्का, आलं वारं. वत आता."

आत्याबाईंनी मांडीवरचे दोन्ही हात थोडेसे वर उचलले आणि कलते केले.

मग मला व्यासपीठावर बोलावलं. वही मी खुर्चीवरच ठेवून गेले. म्हणाले, या बाईनं वारं आल्यावरच पाटी ओतली. साहेबांनी फॅन लावला, त्यावर तिनं ओतली नाही, आणि आपली ती फजिती त्यांनी सिनेमात तशीच ठेवली. कापता आली असती. कापून दाखवली तेव्हा मी फसले आणि भरल्या घरात माझ्या सासूला खोटं ठरवलं. ते माझं चुकलं होतं. हा सिनेमा का टिकला याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही. दहा मिनिटांपैकी दोनसुद्धा झाली नव्हती.

परतीच्या वाटेवर दोघी मागं बसल्या आणि मला पुढं बसवलं. विट्याला नानी म्हणाल्या, "काच घे वर, आक्का." आणि आत्याबाई म्हणाल्या, "घे की तूच. तुज्याच बाजूला हाय."

गेल्या आठवड्यात मी सुगीला गेले. आता मळणी यंत्रावर होते. दीड तास घरघर, डोळ्यांत धूळ, आणि ताडपत्रीवर ज्वारीचा ढीग. भुसकट थोडं राहतंच. यंत्र निघून गेलं आणि एकदम शांत झालं. नानी रिकामी पाटी घेऊन आल्या, चपला ताडपत्रीच्या बाहेर काढल्या, आणि म्हणाल्या, "आक्का, माजा त्या सालचा वाटा ऱ्हायलाय."

"आनलीस पाटी? धर खाली."

आत्याबाईंनी चाचपून सूप भरलं, दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, आणि थांबल्या. वारं नव्हतं. नानी पाटी धरून वाकलेल्या. त्यांनी का थांबलीस म्हणून विचारलं नाही. मीही यावेळी काही बोलले नाही. ऐंशीच्या पुढचे हात लटलट करत होते. आत्याबाईंना समोरचं दिसत नाही, पण कडेचं दिसतं, आणि पिंपळ कडेला होता. तो हलला ते आम्हा दोघींच्या आधी त्यांना कळलं. त्यांनी सूप कलतं केलं. भुसकट सगळं माझ्या तोंडावर आलं, आणि दाणे सरळ नानींच्या पाटीत पडले.